माडाच्या पोटातला भुंगा

गोव्यात फोंडा तालुक्यातलं हे कुळागर. वर माड, खाली पोफळी, पोफळींना बिलगलेली मिरी. या एका माडाला कान लावला, तर आतून कुरतडल्याचा आवाज येतो. खोडावरच्या भोकातून तांबूस चीक ओघळतोय. सोंड्या भुंग्याच्या अळ्या गाभा खात आहेत. शेंडा कलंडेपर्यंत बाहेरून फारसं कळत नाही, आणि कलंडला की माड गेलाच. पोरासारखा वाढवलेला माड असा जाताना बघवत नाही.

म्हणून भुंग्याला माडाआधीच गाठायचं, त्याच्याच गंधाने.

१९५९ मध्ये जर्मनीत आडोल्फ बुटेनान्ट यांनी रेशीमकिड्याच्या मादीचा, नराला बोलावणारा गंध ओळखला. त्यासाठी सुमारे २० वर्षं गेली, ५ लाख माद्यांच्या ग्रंथी लागल्या आणि हाती आले काही मिलिग्रॅम. आता किड्यांवरून हवा ओढून गंध गोळा करतात, यंत्रात त्याचे घटक सुटे करतात आणि ते बाहेर पडतात तिथे किड्याची मिशी, म्हणजे त्याचं नाकच, तारांना जोडून ठेवतात. एकामागून एक घटक जातात, मिशी गप्प. नेमका एक येतो आणि तिच्यात विजेचा स्पंद उमटतो. शोधायचं काय, ते किडाच दाखवतो!

सोंड्याच्या गंधाचं रसायन, फेरुजिनिओल, १९९३ मध्ये ओळखलं गेलं. या रेणूची चार रूपं होतात. अणू तेच, मांडणी वेगळी. भुंग्याचं त्यातलं एकच. प्रयोगशाळेत साध्या पद्धतीने बनवलं की चारही एकत्र येतात. जंगलं ओरबाडणाऱ्या जिप्सी पतंगाच्या गंधात उलटं रूप मिसळलं, तर नर येईनासे होतात. सोंड्याला मात्र भेसळ खटकत नाही. म्हणूनच त्याचं आमिष परवडतं.

आपण सरसकट 'कामगंध सापळा' म्हणतो, पण हा गंध नर सोडतो आणि त्यावर नर-मादी दोघंही येतात. खाणं सापडलंय, या, अशी ती हाक.

बादलीत पाणी आणि आंबलेला ऊस, वर गंधाची पुडी, बाहेरून गोणपाट, म्हणजे भुंग्याला चढता येतं. एक कळकळीची विनंती: बादली माडाला टांगू नका. हाकेला आलेला भुंगा शेजारच्या माडातच शिरेल. ती कडेला ठेवा, कोवळ्या माडांपासून लांब. गेंड्या भुंग्याने पाडलेली भोकं, कोयत्याचे घाव लगेच बुजवा. सोंड्याची मादी अंडी घालायला तीच जागा शोधते.

आता बादलीत बघा. सोंडेवर केसांचा झुपका, तो नर. ही दुसरी सोंड गुळगुळीत आहे. मादी. दोनेकशे अंडी घातली असती हिने.