माणग्याचा मांडव

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कोकणात सार्वजनिक बागेत लोकांना बसायला मांडव बांधायचा ठरला, की आराखड्यात बहुधा सिमेंटचे खांब आणि वर रंगीत पत्रा येतो. उन्हाळ्यात त्याखाली बसवत नाही, आणि पाऊस लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. भजन, योगवर्ग, दुपारच्या गप्पा यासाठी जागा हवी असेल, तर मी आग्रहाने सांगेन : सिंधुदुर्गातला माणगा बांबू वापरा, वर कौलं घाला. माणगा सरळ, बिनकाट्याचा आणि बराचसा भरीव. 2017 च्या दुरुस्तीनंतर खासगी जमिनीतला बांबू भारतीय वन कायद्यात ‘झाड’ राहिलेला नाही, त्यामुळे तो तोडून वापरणंही सोपं झालं आहे.

‘बांबू सडतो हो,’ असं लगेच कुणीतरी म्हणतं. सडतो, पण तो निगा न राखल्यामुळे. भुंगा येतो तो काठीतल्या पिष्टासाठी. म्हणून तीन वर्षं पुरी झालेली काठी, पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडायची आणि बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवायची. मात्र हे क्षार जसे पाण्यातून आत जातात, तसे पावसाने धुऊन बाहेरही येतात. म्हणजे औषध लावलं तरी काठी कोरडी राहायलाच हवी, आणि ते काम छपराचं.

वळचण तीन-चार फूट पुढे काढा, नैऋत्येला आणखी थोडी. आपल्याकडे झड तिकडूनच येते. खाली चिऱ्याचं दीड-दोन फुटांचं जोतं घ्या. खांब काँक्रीटमध्ये गाडू नका, तिथे पाणी मुरतं. जोत्यावर लोखंडी बैठक बसवून त्यात खांब उभा करा. बोल्टचं भोक गाठीजवळ पाडा, दोन गाठींच्या मधोमध पाडलं तर काठी चिरते.

पागोळ्यांचं पाणीही वाया घालवू नये. वर्षाला 3,000 मिलिमीटर पाऊस धरला, तर 50 चौरस मीटर छपरावर दीड लाख लिटर पाणी पडतं. पन्हळ लावून ते बागेच्या विहिरीत सोडता येईल.

बोल्टने जोडलेला खांब खराब झाला तर तेवढाच बदलता येतो, बाकी मांडव उभा राहतो. पण त्यासाठी हाताशी पैसे लागतात, आणि निविदेत बांधकामाचा खर्च असतो, देखभालीचा नसतो. तुमच्या गावात असा प्रस्ताव आला, तर नगरसेवकांकडे दरवर्षीच्या देखभालीची रक्कम त्याच निविदेत लिहून मागा.