पाच वाट्या हरभऱ्याच्या

नमस्कार श्रोतेहो.

नौपाड्यात आमच्या शेजारची मुलगी विषाणूंवर संशोधन करते. रोज ठाण्याच्या ९ नंबर फलाटावरून पनवेल लोकल पकडते. परवा संध्याकाळी ती आईला घेऊन माझ्याकडे आली. हातात बढतीचा फॉर्म, चेहरा उतरलेला. म्हणाली, "मावशी, एच-इंडेक्स ३ आहे माझा. काय लिहू?"

एच-इंडेक्स म्हणजे संशोधकाच्या कामाचं वजन मोजणारा आकडा, पण तिच्या आईला त्याचा अर्थ लागेना. मी ३० वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात शास्त्राची नियतकालिकं सांभाळली. ओट्यावर ५ वाट्या मांडल्या. एक वाटी म्हणजे तिचा छापून आलेला एक पेपर, म्हणजे संशोधनाचा लेख. दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात त्याचा दाखला दिला की वाटीत एक हरभरा. ४०, ९, ४, ३ आणि १. सगळ्यांत भरलेल्या वाटीपासून मोजायला लागायचं. तिसरीत निदान ३ आहेत? आहेत. चौथीत निदान ४ आहेत? नाहीत. झालं, एच-इंडेक्स ३. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली काढलेली ही रीत. आता नीट ऐका. पहिल्या वाटीत ४० च्या जागी ४,००० हरभरे ओतले, तरी आकडा ३ च राहतो. पुन्हा सांगते, ३ च राहतो.

मग मी तिला विषाणूंची छायाचित्रं काढणाऱ्या जून आल्मेडाची गोष्ट सांगितली. मी ती सगळ्यांना सांगते.

जून ग्लासगोची, १९३० चा जन्म. वडील बस चालवायचे. पैशाअभावी शिक्षण सोळाव्या वर्षीच सुटलं आणि ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला लागली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर तिचा हात असा बसला की धूसर ठिपक्यांतून तिला विषाणू ओळखू येई. कोंबड्यांच्या श्वासनलिकेच्या रोगात आणि उंदरांच्या काविळीत तिला एक वेगळाच विषाणू दिसला, भोवती काट्यांची झालर असलेला. तिनं पेपर पाठवला. तो परत आला. तपासणाऱ्यांचं म्हणणं, ही तर फ्लूच्या विषाणूची वाईट छायाचित्रं आहेत! म्हणजे त्या वाटीत हरभरा पडणं दूरच, वाटीच मांडू दिली नाही.

  

पुढे लंडनला जूनकडे सर्दीवर संशोधन करणारे डेव्हिड टिरेल यांनी सर्दीचे नमुने पाठवले. त्यांत एका शाळकरी मुलाच्या नाकातला होता, नाव बी ८१४. त्यातल्या विषाणूचा कुणालाच पत्ता लागत नव्हता. जूननं पाहिलं आणि ओळखलं. तीच झालर! कोंबड्यांतली, उंदरांतली, आणि आता माणसातली. ती, टिरेल आणि तिचे वरिष्ठ वॉटरसन नाव शोधायला बसले. झालर मुकुटासारखी, म्हणून लॅटिनमधला शब्द घेतला, कोरोना. १९६७ साली तिची छायाचित्रं छापून आली, १९६८ मध्ये 'नेचर' या शास्त्राच्या नियतकालिकात नाव जाहीर झालं. २००७ साली जून गेली. त्यानंतर १३ वर्षांनी त्या तिघांनी शोधलेला शब्द आपल्या जांभळी नाक्यावरच्या भाजीवाल्यांच्याही तोंडी होता.

मुलगी गप्प बसून ऐकत होती. मी विचारलं, "त्या ४० हरभऱ्यांच्या वाटीत तू काय पाहिलंस, ते सांग." डेंग्यूवरचा पेपर होता तो. ती बोलायला लागली ती पाऊण तास. आईनं मध्येच विचारलं, "हे तू फॉर्ममध्ये लिहिलंयस का गं?" नव्हतं लिहिलं. 'महत्त्वाचे काम' हा रकाना कोराच होता. तिनं तिथेच ओट्याशी उभ्यानं लिहायला घेतलं.

त्या गेल्यावर हरभरे मी एकत्र केले आणि भिजत घातले.