तियानजिन: मुक्कामाचं शहर

[पहाट. हाय नदीचा काठ. गळ टाकून बसलेली माणसं.]

तियानजिन. उत्तर चीनमधलं कोटीच्या वर वस्तीचं शहर. 2025 मध्ये शांघाय सहकार्य संघटनेची शिखर परिषद इथं भरली, तेव्हा हे नाव आपल्याकडच्या बातम्यांत रोज ऐकू येत होतं. काठावरच्या या मंडळींना आज कुठंही पोचायचं नाही. या शहरात आपणही असंच यावं.

[बुलेट ट्रेन. खिडकीतून पळणारी शेतं.]

अडचण या गाडीची आहे. बीजिंग दक्षिण स्थानकातून निघाली की साधारण 120 किलोमीटर अंतर ती अर्ध्या तासात कापते. ऑगस्ट 2008 मध्ये, ऑलिम्पिकच्या तोंडावर, हा मार्ग सुरू झाला आणि तियानजिन म्हणजे बीजिंगहून जाऊन यायची जागा होऊन बसली. सकाळी यायचं, पुलावरच्या प्रचंड आकाशपाळण्यात बसायचं, अंधार पडला की परत. असं करू नका. दोन रात्री तरी राहा, आणि खोली नदीच्या जवळपास घ्या.

नदीच्याच जवळ का? कारण स्थानकातून बाहेर पडलात की समोर नदीच आहे. हा लोखंडी जिएफांग पूल 1927 चा. जहाज जावं म्हणून त्याचा मधला भाग वर उचलता येतो. इथून चालत निघा.

[इटालियन चौक. मग झाडांखालचे रस्ते, विटांचे बंगले.]

दुसऱ्या अफू युद्धानंतर, 1860 मध्ये, हे बंदर परकीयांना खुलं करावं लागलं. आधी ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका. पुढं जर्मनी, जपान, रशिया, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, बेल्जियम. नऊ देशांनी नदीकाठी आपापल्या वसाहती आखल्या. कायदा ज्याचा त्याचा, पोलीस ज्याचे त्याचे. म्हणून तर एकाच फेरफटक्यात इटलीचा चौक लागतो, फ्रेंच काळातल्या बँकांच्या इमारती लागतात आणि शेवटी ब्रिटिशांचा हा बंगल्यांचा भाग, वूदादाओ. बीजिंगच्या राजवाड्यातून बाहेर काढलेला शेवटचा सम्राट पू यी 1925 पासून 1931 पर्यंत याच शहरात राहिला. त्याचं घर, जिंगयुआन, आज बघता येतं.

आणि हे मिनयुआन स्टेडियम. एरिक लिडेल हा धावपटू 1902 मध्ये तियानजिनमध्येच जन्मला. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 400 मीटरचं सुवर्णपदक जिंकलं आणि पुढच्याच वर्षी इथं शिक्षक म्हणून परत आला. या मैदानाच्या आखणीत त्याचा सल्ला होता. आता संध्याकाळी आजी-आजोबा नातवंडांना घेऊन या ट्रॅकवर फेऱ्या मारतात.

जुन्या चिनी शहराची तटबंदी मात्र 1900 च्या, परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावातल्या लढाईनंतर परकीय फौजांनी पाडून टाकली. तिच्या जागी आता रस्ते आहेत.

[नाश्त्याची गाडी. तव्यावर पसरणारं पीठ.]

सकाळचा नाश्ता हॉटेलात करू नका. हा हात बघा. तापलेल्या गोल तव्यावर डावभर पीठ पडतं, लाकडी फिरकीनं एका दमात कडेपर्यंत पसरतं. पीठ मुगाचं! आपल्या धिरड्याच्या अगदी जवळचं. वर अंडं फोडायचं, कांद्याची पात भुरभुरायची, उलटायचं, गोडसर सॉस आणि तिखट फासायचं, आत तळलेली कुरकुरीत पोळी ठेवून घडी घालायची. हे जिएनबिंग गुओझी. अंडं घरून आणून गाडीवाल्याच्या हातात देणारे लोक इथं आहेत. त्यात कोबी किंवा सॉसेज घातलेलं तियानजिनकरांना खपत नाही, आणि त्यांचंच बरोबर आहे.

[बिनहाई ग्रंथालय. पांढऱ्या लाटा, मध्ये गोल.]

दुसरा दिवस बिनहाई या शहराच्या समुद्राकडच्या भागासाठी ठेवा. मेट्रोची 9 क्रमांकाची लाइन स्थानकापासूनच निघते. एमव्हीआरडीव्ही या डच वास्तुसंस्थेनं आखलेलं हे ग्रंथालय ऑक्टोबर 2017 मध्ये उघडलं. पायऱ्या, बाकं, कपाटं, सगळं एकाच लाटेत छतापर्यंत चढत जातं. वरच्या फळ्यांवर दिसतात ती खरी पुस्तकं नाहीत, छापील चित्रं आहेत. बांधकाम घाईत उरकलं आणि तिथवर पोचायची वाटच राहून गेली. खरी पुस्तकं आतल्या खोल्यांत आहेत, तिथंही जा. शाळेतली मुलं पायऱ्यांवर बसून तासन्‌तास वाचतात, त्यांच्याशेजारी टेका.

याच बिनहाईच्या बंदरात ऑगस्ट 2015 मध्ये रसायनांच्या गोदामात स्फोट झाले. 165 माणसं गेली, आठ जण सापडलेच नाहीत.

[रात्र. योंगलं पूल, दिव्यांचा पाळणा.]

आणि हा तो पाळणा. पुलावर उभारलेला, 120 मीटर उंच, एक फेरी अर्ध्या तासाची. मुक्कामाला असाल तर घाई कसली? हवा स्वच्छ असेल त्या संध्याकाळी बसा.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. ऑक्टोबरचा पहिला आठवडा मात्र टाळा, अख्खा चीन तेव्हा सुट्टीवर असतो. निघण्याआधी अलीपे किंवा वीचॅट या पैसे देण्याच्या ॲपला आपलं कार्ड जोडून ठेवा, गूगलचे नकाशे तिथं नीट चालत नाहीत म्हणून चिनी नकाशाचं ॲपही घ्या. रेल्वेच्या तिकिटाला पासपोर्ट लागतो, तो खिशात असू द्या. बीजिंगला जाणाऱ्या गाड्या दिवसभर आहेत. परतीचं तिकीट इथं आल्यावरच काढा.