छातीवरचा ढेकूण: मुसोलिनीच्या इटलीतले साधे दिवस

मंडळी, हुकूमशाही म्हटलं की आपल्याला बाल्कनी आठवते. हनुवटी वर करून, कमरेवर हात ठेवून बोलणारा तो माणूस, आणि खाली ही गर्दी. मला आज बाल्कनीबद्दल काहीच बोलायचं नाहीये. खाली जो कारकून उभा होता ना, ज्याचे पाय दुखत होते आणि ज्याला घरी जायचं होतं, त्याच्याबद्दल बोलू. त्याची बायको, त्याचा पोरगा, शेजारचा गिरणीवाला, पलीकडच्या गल्लीतला ज्यू दुकानदार.

मुसोलिनी 1922 च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान झाला. तेव्हा बाकीचे पक्ष, पेपर, युनियन सगळं होतं. 1926 संपेपर्यंत यातलं काही उरलं नाही. हा इतिहास पुस्तकात मिळेल, म्हणून मी पुढं जातो.

कारकुनाला काय लागायचं, तर मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षाचं कार्ड. 1930 च्या दशकात सरकारी नोकरी हवी तर कार्ड हवंच, अशी परिस्थिती झाली. पक्षाचं नाव ‘पार्तितो नात्सिओनाले फाशिस्ता’, म्हणजे राष्ट्रीय फॅसिस्ट पक्ष, त्याची आद्याक्षरं पी.एन.एफ., आणि लोक हळूच म्हणायचे की याचा अर्थ ‘पेर नेचेसिता फामिलियारे’, म्हणजे घरच्या गरजेपोटी! कोटावर लावायचा पक्षाचा बिल्ला असायचा, त्याला लोकांनी नाव ठेवलं होतं ‘चीमिचे’. म्हणजे ढेकूण. छातीवर ढेकूण घेऊन माणूस ऑफिसला जायचा आणि संध्याकाळी घरी येऊन तो खुंटीला टांगायचा. आता हा माणूस फॅसिस्ट होता का? मला विचाराल तर बहुतेकांना स्वतःलाच माहीत नव्हतं. आणि मोठमोठे विद्वान काही वेगळे नव्हते बरं का, 1931 मध्ये प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली, बाराशेच्या आसपास प्राध्यापक होते, नकार देणारे मोजून बारा-पंधरा.

कामगारांचं वेगळं. त्यांच्याकडून निष्ठा नको होती, गप्प बसणं हवं होतं. संपाला 1926 पासून बंदी, आणि मग पगारकपात झाली ती सरकारी हुकमानेच, 1927 ला, 1930 ला, परत 1934 ला. बदल्यात काय, तर ‘दोपोलावोरो’ नावाची संस्था. कामानंतरचा क्लब म्हणा. तिथं गोट्यांसारखा बोच्चेचा खेळ, सिनेमा, सहली. 1931 पासून स्वस्त तिकिटाच्या रविवारच्या रेल्वेगाड्या निघाल्या आणि कित्येक कामगार कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. हे खरं आहे आणि ते नाकारून चालणार नाही, कारण नाहीतर आपल्याला कळतच नाही की लोकांनी एवढी वर्षं सहन कसं केलं. पण समुद्र पाहिला म्हणून पोट भरतं असं नाही. 1939 च्या मे महिन्यात तुरीनला फियाटच्या नव्या मिराफियोरी कारखान्याच्या उद्घाटनाला मुसोलिनी स्वतः आला, हजारो कामगार समोर उभे, आणि प्रतिसाद थंड. त्यानं विचारलं, माझं मिलानचं भाषण आठवतंय ना? फारसं कोणी बोललं नाही. तो चिडला, म्हणाला आठवत नसेल तर वाचा!

बायकांकडून मुलं हवी होती. 1927 पासून बिनलग्नाच्या पुरुषांवर कर बसवला, खूप लेकरं असलेल्या आयांना बोलावून सत्कार, बक्षिसं, आणि 1938 मध्ये कायदा काय, तर ऑफिसांमध्ये बायका दहा टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. पण मला सगळ्यात बोचतो तो दिवस 18 डिसेंबर 1935 चा. इथिओपियावर हल्ला केला म्हणून इटलीवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले होते, तर लग्नाच्या अंगठ्या देशाला द्या अशी हाक. रोममध्ये राणीनं स्वतःची अंगठी दिली, मागं बायकांची रांग, आणि बदल्यात मिळायची पोलादाची अंगठी. आपल्याकडं मंगळसूत्र उतरवून पेटीत टाकायला सांगितलं तर काय वाटेल, विचार करा. पुष्कळ जणींनी अगदी मनापासून दिली. काही जणींनी मात्र सोनाराकडून एक पातळशी अंगठी घेतली, ती दिली, आणि खरी डब्यात लपवली. या बाईला विरोधक म्हणायचं की नाही यावर आपण चहाला भांडू.

पोरांना युनिफॉर्म. आठ वर्षाचा झाला की बालिला, म्हणजे पक्षाची मुलांची संघटना, काळा शर्ट, हातात छोटी खोटी बंदूक, शनिवारी दुपारी कवायत. आपला एक संबंध इथं येतो. 1931 च्या मार्चमध्ये हिंदू महासभेचे नेते, नागपूरचे डॉ. मुंजे रोमला गेले, मुसोलिनीला भेटले, बालिलाच्या संस्था पाहिल्या आणि डायरीत कौतुकानं लिहून ठेवलं. पुढं 1937 ला त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढलं. पाहुण्याला मैदान दिसतं, शिस्त दिसते. कवायतीला कंटाळलेलं पोरगं काही दिसत नाही.

आणि भाषा! इटालियनमध्ये आदरानं बोलताना ‘लेई’ म्हणतात, साधारण आपल्या ‘आपण’सारखं, पण शब्दशः अर्थ ‘ती’. 1938 मध्ये फतवा निघाला की लेई हे बायकी आहे, परकं आहे, ‘वोई’ म्हणा. ‘लेई’ नावाचं बायकांचं एक मासिक होतं, तिथं अर्थ साधा ‘ती’ असा, तरी त्यालाही नाव बदलावं लागलं. दक्षिणेतले लोक आधीपासूनच वोई म्हणत होते, त्यांना फतवा आला हे कळलं तरी की नाही कोण जाणे.

हसलात ना? पण ईशान्य सीमेवरच्या त्रिएस्त शहराच्या बाजूच्या, स्लोव्हेन भाषा बोलणाऱ्या माणसाला हसू येत नव्हतं. त्याची शाळा बंद, त्याचं आडनाव सरकारनं बदलून इटालियन केलेलं. आणि गुत्त्यात दारूच्या नशेत ‘ड्यूचे’वर, म्हणजे नेत्यावर, मुसोलिनीवर विनोद केला म्हणून पकडलेल्या माणसाला तर ‘कॉन्फिनो’, म्हणजे कोर्टात न नेताच एखाद्या बेटावर किंवा लांबच्या खेड्यात पाच वर्षांपर्यंत रवानगी, मागं बायको-पोरांचं काय ते त्यांनी बघायचं.

आता ज्यू. देशभरात पन्नास हजाराच्या आत. यातल्या बऱ्याच जणांकडं तेच कार्ड होतं, छातीवर तोच ढेकूण, कारण तेही कारकून, वकील, दुकानदारच होते. 1938 च्या ऑगस्टमध्ये त्यांची वेगळी शिरगणती झाली. सप्टेंबरमध्ये पोरं आणि शिक्षक शाळेबाहेर. नोव्हेंबरमध्ये नोकऱ्या, लग्नं, मालमत्ता यावर कायदे. पुढं टेलिफोन डिरेक्टरीतून नावं गेली, पेपरात मृत्यूची बातमी द्यायचीही चोरी झाली. रीता लेव्ही-मोंताल्चिनी या तरुण डॉक्टर बाईनं तुरीनच्या घरातल्या बेडरूममध्ये प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांवर काम केलं, त्यांना पुढं 1986 ला नोबेल मिळालं. नोकरी गेलेल्या बाकीच्या ज्यूंचे सहकारी काय करत होते? रिकाम्या झालेल्या जागांसाठी अर्ज करत होते.

25 जुलै 1943 च्या रात्री पावणेअकराला रेडिओवर सांगितलं की मुसोलिनीची सत्ता गेली. लोक रात्रीच्या कपड्यांतच रस्त्यावर आले, अनोळखी माणसांना मिठ्या मारल्या. सकाळी रोमच्या रस्त्यांवर, गटारात जिकडंतिकडं ते बिल्ले पडलेले. वीस वर्षांचे ढेकूण एका रात्रीत झटकले. 1938 च्या शिरगणतीच्या याद्या मात्र कोणी फाडल्या नाहीत, त्या कचेऱ्यांच्या कपाटात होत्या तशाच राहिल्या, आणि सप्टेंबरमध्ये जर्मन आले.