रामकुंडावरची वही

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या वर्षी माझे जळगावकडचे मामा मामीच्या अस्थी घेऊन नाशिकला आले. रामकुंडावर विधी झाले. सगळं आवरल्यावर गुरुजींनी विचारलं, "मूळ गाव कुठलं? आडनाव?" मामांनी सांगितलं. गुरुजींचा मुलगा आत गेला आणि लाल कापडात बांधलेली एक लांबट वही घेऊन आला. गाठ सोडली. आधी गाव, गावाखाली आडनाव, आडनावाखाली घराणं. पानं उलटत गेली आणि बोट एका ओळीवर थांबलं. माझ्या आजोबांची सही होती. मोडीतली. वर त्यांच्याच हाताने बाळबोध अक्षरात लिहिलेलं, की आईच्या अस्थी घेऊन आलो, सोबत धाकटा भाऊ. मामा सत्तरीचे आहेत. वडिलांचं अक्षर त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ते काही बोलले नाहीत, नुसता त्या ओळीखालून हात फिरवला. मग गुरुजींनी पेन पुढे केलं, आणि मामांनी त्याच पानावर स्वतःचं नाव, मामीचं नाव, तारीख आणि मोबाइल नंबर लिहिला.

मी वेबसाइट बनवते. गेली पंचवीस वर्षं हेच करते आहे. त्यामुळे सगळे सही बघत असताना माझं लक्ष त्या वहीच्या मांडणीकडे गेलं. दोन प्रश्न, दोन मिनिटं, आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीची ओळ समोर. गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे, पुराचं पाणी तिच्यावरून मोजतात. मी गुरुजींना विचारलं, पुराचं काय करता? ते म्हणाले, "दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की आधी वह्या माडीवर जातात. भांडीकुंडी नंतर."

तेव्हापासून हे वाक्य मनात घोळतं आहे. कारण माझ्या धंद्यात वह्या आधी माडीवर न्यायची पद्धत नाही.

माझी सुरुवात नाशिकच्या रविवार कारंजा चौकाजवळच्या एका डीटीपीच्या दुकानातली. लग्नपत्रिका, हँडबिलं, दिवाळीत भेटकार्डं. १९९९ साली कॉलेज रोडवर सायबर कॅफे निघाले, तिथे तासाचे चाळीस रुपये देऊन मी पहिल्यांदा इंटरनेट पाहिलं. दुसऱ्या देशातल्या एखाद्या माणसाने आपल्या मांजरांचे फोटो लावलेत, खाली पाहुण्यांसाठी वही ठेवली आहे, कोणीही यावं आणि दोन ओळी लिहून जावं. मी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं उत्तर आलं होतं. त्या आनंदात मी महिनाभर दुकान सुटल्यावर कॅफेत बसून एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, शिकले.

हे शिकायला कोणाची परवानगी लागली नाही, फी लागली नाही, याचं मोल मला खूप उशिरा कळलं. टिम बर्नर्स-ली यांनी वेब घडवलं ते स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केलं की हे तंत्र सगळ्यांना मोकळं आहे, त्यासाठी कोणी पैसे द्यायचे नाहीत. तो निर्णय वेगळा झाला असता तर डीटीपीच्या दुकानातल्या पोरीला हा रस्ता दिसला नसता.

तेव्हा फुकट जागा देणाऱ्या साइट होत्या. जिओसिटीज त्यातली सगळ्यांत गाजलेली. १९९४ साली ती सुरू झाली आणि तिची रचना खरोखरच गावासारखी होती. विषयानुसार वस्त्या, वस्तीत घराला नंबर. आपल्याकडे पेठ आणि घर नंबर सांगतो, अगदी तसा पत्ता. १९९९ मध्ये याहूने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. काही स्वयंसेवकांनी शेवटच्या महिन्यांत रात्रंदिवस बसून जमेल तितकी पानं उतरवून ठेवली. म्हणजे पूर आला तेव्हा वह्या माडीवर न्यायला माणसं धावली, पण ती घरातली नव्हती, शेजारची होती.

माझी स्वतःची एक वही त्या काळात अशीच जाता जाता वाचली. ते जरा सविस्तर सांगते.

माझ्या आईला जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या, शे-सव्वाशे तरी असतील. २००१ च्या उन्हाळ्यात ती सांगत गेली आणि मी टाइप करत गेले. दुकानात जो फाँट होता त्यातच केलं आणि एका फुकटच्या जागेवर पान चढवलं. आईला दाखवलं, तिने चष्मा लावून वाचलं. नऊ वर्षांनी, आई गेल्यानंतर, मी ते पान नव्या संगणकावर उघडलं. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, एकही शब्द लागेना.

काय झालं होतं ते सांगते. त्या काळचे बरेच मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेले मुखवटे होते. कृतिदेव फाँटमध्ये 'मराठी' असं टाइप केलं, तर संगणकाच्या लेखी तिथे ई, जे, के, मोठा बी आणि एच एवढंच असतं. फाँट असेल तोवर 'मराठी' दिसतं. फाँट काढला की मुखवटा उतरतो. युनिकोड ही सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी जगभरची एकच पद्धत. तिच्यात तसं नाही. तिथे 'म'ला स्वतःचा क्रमांक आहे, 'ठ'ला स्वतःचा आहे, फाँट कुठलाही असो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून, पहिल्याच आवृत्तीपासून आहे, पण घरोघरच्या संगणकावर ती सहज दिसायला लागायला आणखी दहा-बारा वर्षं गेली. त्यात विंडोजबरोबर आलेल्या 'मंगल' फाँटचा मोठा वाटा. तो आपल्या र. कृ. जोशींनी घडवला. सुलेखनकार आणि कवी म्हणून त्यांना ओळखणारे पुष्कळ आहेत, पण ज्यांनी ते नावही ऐकलेलं नाही अशा लाखो माणसांनी पडद्यावर पहिलं मराठी वाचलं ते त्यांच्या अक्षरात.

ओव्या ज्यात टाइप केल्या होत्या तो जुना फाँट दुकानातल्या एका सोबत्याकडे सापडला. मग ओव्या युनिकोडमध्ये आणायला तीन आठवडे लागले. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. रूपांतर करताना ती दर वेळी उचलून अक्षरानंतर ठेवावी लागते. रफाराची गत उलटी. आणि सगळ्यांत जास्त छळलं ते अर्ध्या र-ने. आईच्या एका ओवीत डोंगराच्या 'दऱ्या' होत्या, त्याचा झाला 'दर्या'. डोंगरात समुद्र आला. यंत्राला त्यात चूक दिसत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. ते ज्याने ओवी ऐकली आहे त्यालाच कळतं. मी एकेक ओवी मोठ्याने म्हणत तपासली. चार ओव्या मात्र मला लावता आल्या नाहीत. आणि विचारायला आई नव्हती.

तोपर्यंत ब्लॉगचा जमाना आला होता. ब्लॉग लिहायची 'ब्लॉगर' ही साइट १९९९ मध्ये सुरू झाली, २००३ मध्ये गूगलने घेतली. त्याच २००३ च्या मे महिन्यात वर्डप्रेस हे ब्लॉग आणि वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर आलं. एकोणीस वर्षांचा मॅट मलनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल, या दोघांनी मागे पडलेलं एक जुनं सॉफ्टवेअर उचलून पुढे नेलं. आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. मला त्यातली आवडणारी गोष्ट मात्र वेगळी आहे: त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, आणि लिहिलेलं सगळं एका फाइलमध्ये बांधून दुसरीकडे नेता येतं. ब्लॉगरमध्येही तशी सोय आहे. बासन बांधून उचलता येतं.

ब्लॉगवर एक शिस्त होती. नवं लेखन वर, जुनं खाली, बाजूला वर्ष आणि महिने. कोणीही २००७ चा जून उघडावा आणि वाचावं. आपल्या भागातल्या कितीतरी माणसांनी तेव्हा लिहिलं: गोदाकाठच्या जुन्या वाड्यांबद्दल, ब्रह्मगिरीच्या वाटांबद्दल, तांबट आळीतल्या ठोक्यांच्या आवाजाबद्दल. ते लिखाण कच्चं असेल, पण लिहिणाऱ्याच्या आवाजातलं होतं.

ऑर्कुट हे सोशल नेटवर्क २००४ मध्ये आलं आणि आपल्याकडच्या कॉलेजातल्या मुलामुलींनी ते डोक्यावर घेतलं. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. रीतसर आधी सांगितलं होतं, आपलं लिखाण उतरवून घ्यायला नंतरही मुदत होती. तरी मी घेतलं नाही. माझ्या एका मैत्रिणीने माझ्याबद्दल तिथे सात-आठ ओळी लिहिल्या होत्या. पुढे ती आजारात गेली. त्या ओळी मला आज शब्दशः आठवत नाहीत.

फेसबुकही २००४ चंच, पण सप्टेंबर २००६ मध्ये त्यांनी न्यूज फीड आणलं आणि वाचायची पद्धतच बदलली. आधी आपण एखाद्याच्या पानावर जायचो, आता सगळं आपल्याकडे वाहत येऊ लागलं. त्याच वर्षीची आणखी एक करामत म्हणजे न संपणारं पान. अझा रास्किन नावाच्या डिझायनरने ते तंत्र केलं. 'पुढचं पान' हे बटण दाबावं लागू नये, एवढाच त्याचा हेतू होता. पुढे त्यानेच जाहीरपणे खंत व्यक्त केली. मला ती खंत समजते. पान संपतं तेव्हा माणूस मान वर करतो, खिडकीबाहेर बघतो, वाचलेलं आत उतरतं. ती उसंत काढून घेतली तर वाचणं उरत नाही, नुसतं सरकणं उरतं. म्हणून मी बनवलेल्या कुठल्याही साइटवर पान संपतं. गिऱ्हाईक आग्रह धरतं, मी समजावते, आणि नाही पटलं तर ते काम सोडते.

मी सोशल नेटवर्कच्या विरोधात नाही. हरवलेली वर्गमैत्रीण मला तिथेच सापडली, अवकाळीत कुठल्या गावाला गारपीट झाली ते आधी तिथेच कळतं. पण तो रविवार कारंजावरचा बोलण्याचा गलका आहे. गलक्यात वही ठेवायची नसते.

निफाड तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार आहेत, मी त्यांना अण्णा म्हणते. सहा-सात वर्षं ते एका सोशल साइटवर रोज बागेबद्दल लिहीत. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, पोंग्यात, म्हणजे नवे कोंब फुटताना, पाऊस झाला तर कुठली फवारणी घेतली, दोडा अवस्थेत, म्हणजे फुलोऱ्याच्या सुमारास, गळ किती झाली, मण्यात पाणी कधी उतरलं. आसपासचे शेतकरी वाचायचे, विचारायचे. मग एकदा त्यांचा फोन पडून फुटला, जुनं सिमही बंद झालेलं, आणि खातं उघडायचा कोड त्याच जुन्या नंबरवर जाणार. सहा-सात वर्षांच्या नोंदी कुलपात. अण्णा माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, "ताई, २०१९ च्या अवकाळीत मी काय केलं होतं ते मलाच बघायचंय."

ते खातं आम्हाला परत मिळालं नाही. पण त्यांच्या साइटसाठी मी जितका विचार केला तितका मोठ्या कंपन्यांच्या कामासाठीही केलेला नाही. वाचणारा माणूस दुपारच्या उन्हात बागेत उभा असतो, हाताला औषध लागलेलं असतं. म्हणून पांढऱ्या पानावर काळी, ठसठशीत अक्षरं, आणि अंगठ्याला सापडतील एवढी मोठी बटणं. फोटो एका नोंदीला एकच, लहान, कारण शिवारात रेंज कमी. ओळींमध्ये भरपूर जागा, कारण आपल्या लिपीला वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार असतात. इंग्रजीसाठी केलेल्या साच्यात मराठी ओतलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर बसतो. अक्षरं एकमेकांपासून लांब करायची इंग्रजीतली फॅशन तर मी मराठीला कधीच लावत नाही. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात.

आणि मांडणी? ती रामकुंडावरून उचलली. आधी हंगाम, हंगामाखाली छाटणीपासूनचा दिवस, दिवसाखाली नोंद. शेतकरी तारखेने विचार करत नाही, 'छाटणीनंतर अठरावा दिवस' असाच करतो. आता कोणीही अठराव्या दिवसावर बोट ठेवलं की अण्णांच्या सगळ्या हंगामांतले अठरावे दिवस एकाखाली एक दिसतात. दर महिन्याला सगळ्या नोंदींची एक फाइल उतरवून अण्णांच्या घरच्या पेन ड्राइव्हवर ठेवली जाते, आणि हंगाम संपला की छापील प्रत काढून ती फायलीत लावतात.

साइट सुरू झाली त्या दिवशी अण्णांनी विचारलं, "माझ्यामागे हे कोण बघणार?" साइटच्या नावाचे पैसे दर वर्षी भरावे लागतात. चुकलं तर नाव हातातून जातं. अण्णांची मुलगी अकरावीला आहे, ओट्यावर बसून ऐकत होती. ती उठली, पासवर्ड शेताच्या हिशेबाच्या वहीत लिहून घेतला, स्वतःचा नंबर खात्याला जोडला, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात १२ जूनभोवती लाल पेनने गोल काढला.