लोह कुणाच्या वाट्याला?

[खानापूर तालुका, जुलै. भाताची रोपलागण.]

कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस लागला की दिवसभर पाय चिखलात. बोटांच्या बेचक्यात खाज सुटली की घरोघरी निदान ठरलेलं: चिखल्या. बहुतेकदा ते बरोबरही असतं. पण बारीक लाल पुळ्या उठल्या आणि पुढच्या आठ-पंधरा दिवसांत कोरडा खोकला लागला, तर अंकुशकृमीची (आतड्यात राहून रक्त पिणाऱ्या जंताची, हुकवर्मची) शंका घ्यावी.

जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची अळी कातडीतून शिरते, रक्तातून फुफ्फुसात जाते, घशात चढते, गिळली जाते आणि लहान आतड्यात ठाण मांडते. तुंबलेल्या पाण्यात ती फार टिकत नाही. तिला ओलसर, भुसभुशीत, सावलीतली माती लागते. त्यामुळे लावणीच्या वाफ्यापेक्षा झाडाखालची परसाकडची जागा जास्त धोक्याची. अनवाणी तिथेच जाणं होतं.

[सूक्ष्मदर्शकाखाली प्रौढ जंत.]

आता हिशेब. माणसात आढळणारे अंकुशकृमी मुख्यतः दोन जातींचे: नेकेटर आणि अँकायलोस्टोमा. नेकेटर जातीचा एक जंत दिवसाला साधारण 0.03 मिलिलिटर रक्त घालवतो, अँकायलोस्टोमा 0.15 ते 0.2. पोटात शंभर नेकेटर असले तर 3 मिलिलिटर. हिमोग्लोबिन 10 असलेल्या बाईच्या तेवढ्या रक्तात सुमारे 1 मिलिग्रॅम लोह असतं. त्यातलं थोडं आतडं परत शोषून घेतं, हे खरं. पण निरोगी माणूस अख्ख्या दिवसाच्या जेवणातून शोषतो तेच मुळी 1 ते 2 मिलिग्रॅम. त्यात भाकरीवर लगेच कपभर चहा, म्हणजे शोषण आणखी कमी.

लोह जिवाणूंना हवं, मलेरियाच्या परजीवीला हवं. म्हणून ताप आला की शरीर ते लपवून ठेवतं. यकृत हेपसिडिन नावाचं छोटं संप्रेरक सोडतं. पेशीतून लोह बाहेर पडायचं दार म्हणजे फेरोपोर्टिन. हेपसिडिन ते दारच मोडून काढतं. आतड्याच्या पेशींतलं लोह आतच अडकतं, जुन्या तांबड्या पेशी गिळणाऱ्या मॅक्रोफेजमधलंही. काही तासांत रक्तातलं लोह उतरतं. भर तापात घेतलेली लोहाची गोळी म्हणूनच बरीचशी वाया जाते. अंकुशकृमीपुढे मात्र या बंदोबस्ताचा उपयोग नाही. तो थेट रक्तच पितो.

टांझानियाच्या पेंबा बेटावर, मलेरियाच्या मुलखात, लहान मुलांना सरसकट रोज 12.5 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक आम्ल दिलं गेलं. दवाखान्यात भरती होणारी आणि दगावणारी मुलं वाढली, ते देणं मध्येच थांबवावं लागलं. 2006 साली निष्कर्ष छापून आले. ज्या मुलांत लोहाची खरोखर कमतरता होती, त्यांना मात्र फायदाच दिसला. तेव्हा थंडीतापाच्या रुग्णाची आधी मलेरियाची तपासणी, मग उपचार, मग लोह.

[प्रयोगशाळा. काटो-काट्झची काच, म्हणजे शौचातली जंतांची अंडी मोजायची पद्धत.]

चुका होतात त्या इथे. साच्यात 41.7 मिलिग्रॅम शौच बसतं. दिसलेल्या अंड्यांना 24 ने गुणलं की एका ग्रॅममधली संख्या मिळते. पण काचेवरच्या ग्लिसरीनने अंकुशकृमीची अंडी विरत जातात. अर्ध्या ते एका तासात काच पाहिली नाही, तर अहवाल येतो 'जंत नाहीत'. फेरिटिनचंही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या रक्तचाचणीचंही) तसंच. ते सूज असताना वाढतं, त्यामुळे सोबत सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारी रक्तचाचणी, हवी. संसर्ग असलेल्या प्रौढात फेरिटिन लिटरमागे 70 मायक्रोग्रॅमच्या खाली असलं, तरी लोहाची कमतरता धरतात.

औषध अल्बेंडाझोल: 400 मिलिग्रॅम, चावून, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, कुटून पाण्यातून. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत नाही. ते आतड्यातले जंत मारतं. वाटेतल्या अळ्या निसटतात आणि लागणीपासून पाच ते सात आठवड्यांत मोठ्या होतात. म्हणून 10 फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाची गोळी पावसाळ्यातल्या लागणीला पुरत नाही.

मग लोहाची गोळी, लिंबूपाण्यासोबत, चहापासून तासभर लांब. महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान 1 ग्रॅमने चढायला हवं. नाही चढलं, तर गोळ्या खरंच पोटात जातात का ते आधी विचारावं, मग पाळीतला रक्तस्राव आणि शौच पुन्हा तपासावं. नुसता डोस वाढवू नये.