कुत्र्याचं पातेलं वाटणाआधी उतरवा

[स्वयंपाकघर. मागे गॅसवर कुकर.]

कुकर आत्ताच लावलाय. आत साफ केलेले पेडवे, म्हणजे बारीक मासे, आणि पाणी, बस्स. मीठ नाही, मसाला नाही, तिरफळ तर नाहीच. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा आणि अर्धा तास तिकडे बघायचंही नाही. हे जेवण आमच्या कुत्र्याचं, काळ्याचं. तो दारात बसलाय आणि त्याचं सगळं लक्ष कुकरकडे आहे, त्यामुळे कॅमेऱ्याकडे तो काही बघणार नाही.

मी मालवणची. कुत्र्यासाठी वेगळं शिजवते म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळार कुत्रे भात नि माशाची डोकी खावनच वाढले, काय झाला तेंका?"

प्रश्न रास्त आहे. भात कुत्र्याला पचतो. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की पिष्ट (स्टार्च) पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं जगल्याची ती खूण. पण सासूबाईंचा कुत्रा बांधलेला नव्हता ना! रापण ओढली की जाळ्यातून सांडलेलं त्याचं, कोंबडीची पिसं-आतडी त्याची, खळ्यातली घूस त्याचीच. घरचा भात म्हणजे त्याला वरचा खाऊ. आमचा काळ्या पट्ट्याला असतो. त्याच्या ताटलीत जे नाही, ते त्याला दुसरीकडे कुठे मिळणार?

आधी वाटणाचं बोलू, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. "थोडीशी माशाची कढी भातावर घातली, आवडीने खातो." आवडीने खाणारच, मलापण आवडते! पण कांदा-लसणातले गंधकाचे घटक कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि शिजवून, भाजून, वाटून ते जात नाहीत. लसूण तर कांद्याहून तीव्र. वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा त्रास द्यायला पुरतो. १५ किलोच्या कुत्र्याला म्हणजे दोन-तीन मोठे कांदे. एका वेळी एवढं कोण घालतं, म्हणाल. पण रोजची थोडी थोडी कढीही साठत जाते. आणि लक्षणं लगेच दिसत नाहीत. काही दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या फिक्या पडतात, लघवी काळपट होते, तेव्हा आपण कालच्या जेवणाला दोष देत बसतो. म्हणून एकच करा: मासे, चिकन, भाजी काहीही असो, कुत्र्याचा वाटा वाटण आणि फोडणी पडण्याआधी बाजूला काढा.

आता माझी स्वतःची चूक. वर्षभर मी काळ्याला बोनलेस चिकन आणि भात घालत होते, वर नाचणीची भाकरी. काय खातो ते अगदी अभिमानाने डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कॅल्शियम कुठून?" मी म्हटलं, नाचणीतून की! त्यांनी कागदावर हिशोबच मांडला. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम. भाकरीला लागते ५०-६० ग्रॅम. त्यातलंही बरंच नाचणीतल्या फायटेट नावाच्या घटकामुळे अंगी लागत नाही. आणि काळ्याला रोज लागतं हजार मिलिग्रॅमच्या आसपास. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. मी म्हटलं, मग रक्त तपासा. तर म्हणाले, रक्तात ते नॉर्मलच दिसेल, कारण कमी पडलं की शरीर हाडांतून काढून रक्तात घालतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

म्हणून हे पेडवे. कुकरमध्ये नीट शिजले की काटा बोटांनी चुरतो, आणि त्या काट्यातच कॅल्शियम असतं. हे फक्त पेडवे-तारल्यांसारख्या बारीक माशांपुरतं. बांगड्याचा मधला काटा जाड, तिथे मांस सोडवून घ्या. आणि कोंबडीचं शिजवलेलं हाड कधीच नको, त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात.

[पाट्यावर मोजलेलं सामान.]

काळ्याचा एका दिवसाचा हिशोब. वजन १५ किलो, नसबंदी झालेली, रोज साधारण ८५० कॅलरी. पेडवे ३०० ग्रॅम, उकडा तांदूळ ८० ग्रॅम कच्चा, लाल भोपळा १०० ग्रॅम, एक अंडं, चमचाभर तेल. दोन वेळा विभागून. मासे आठवड्यातून दोन-तीनदाच. इतर दिवशी चिकन, आणि त्यात अर्धा चहाचा चमचा अंड्याच्या कवचाची पूड. कवच उकळून, वाळवून, मिक्सरला अगदी मैद्यासारखं वाटायचं. कलेजी आवडते म्हणून वाटीभर घालू नका, अ जीवनसत्त्व जास्त झालं तर तेही बाधतं. आठवड्यातून एखादा तुकडा पुरे.

हे जेवण परिपूर्ण आहे का? नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात पशुवैद्यांनी घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. ९५ टक्के पाककृतींमध्ये किमान एक तरी आवश्यक घटक कमी होता. जस्त, ई आणि डी जीवनसत्त्व हमखास कमी पडतात. काळ्याला डॉक्टरांनी त्यासाठी वेगळी पावडर दिलीय. तुमच्या कुत्र्याची तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझ्या डब्यावरचं नाव वाचून आणू नका. आणि पिल्लू असेल, गाभण कुत्री असेल, किडनीचा आजार असेल तर ही पाककृती तुमची नाहीच. वाढत्या पिल्लाच्या हाडांवर प्रयोग करू नये.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा अंडी आणि चिकन. खारा बांगडा भिजवून दिला तर चालेल का, असं विचारतात. मीठ त्यात पार आतपर्यंत मुरलेलं असतं, नकोच. सुकं खायची हौस आपली, ती आपणच भागवावी.

मे महिन्यात आंब्याची कोय आणि फणसाच्या आठळ्या कुत्र्यापासून लांब ठेवा, आतड्यात अडकतात. चतुर्थीला प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे पाहुण्यांची मुलं प्रेमाने भरवतात. द्राक्ष-बेदाण्यांनी किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर, हे कुत्र्यागणिक वेगळं. मुलांना आधीच सांगून ठेवा.

नवीन जेवण आठवडा-दहा दिवसांत, जुन्यात थोडं थोडं मिसळत सुरू करा. उरलेलं फ्रीजमध्ये दोन दिवस. पावसात आमच्याकडे लाईट गेली की तेवढाही भरवसा नाही, म्हणून मी रोजच्यापुरतंच करते.

[गॅस बंद. वाफ गेल्यावर झाकण उघडते.]

हां. हा काटा बघा, चिमटीत धरला की पीठ होतंय. हा पण. हा... थांबा, हा मोठा आहे, अजून टोचतोय. परत लावते, दहा मिनिटं.

काळ्या, बस. बस म्हटलं ना.